झेडच्या हाती चेंडू: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज सराव सुरू झाला आणि मुख्य प्रशिक्षकांनी या हंगामासाठी माझ्याकडे एक स्वतंत्र काम सोपवले. मिनियापोलिसच्या उपनगरातील या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाबरोबर मी स्वयंसेवक म्हणून चित्रफिती आणि आकडेवारी सांभाळतो. मैदानावर शिकवणे माझ्याकडे नाही. कोणत्या डावात (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एक प्रयत्न म्हणजे डाव) कोण कुठे उभा होता, चेंडू कोणाकडे गेला आणि समोरच्या बचावाने काय केले, एवढे बघून लिहून ठेवणे हे माझे काम आहे.

नवे काम एका मुलाभोवती फिरणारे आहे. तो यंदा दहावीत आहे, रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून खेळतो, लहान गटात असताना रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) होता, पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी लाथेने दूर धाडलेला चेंडू, परत आणण्यात संघात सर्वांत सरस आहे आणि चेंडू बऱ्यापैकी लांब फेकूही शकतो. तरीही गेल्या हंगामात एका सामन्यात त्याच्या हाती चेंडू दोन-तीन वेळाच येत असे. आक्रमणात त्याचा सहभाग कसा वाढवावा, असा प्रशिक्षकांचा प्रश्न आहे. मुलाचे नाव या नोंदींत येणार नाही; तो ज्या जागेवर खेळतो तिच्या अक्षरावरून मी त्याला ‘झेड’ म्हणेन.

पहिला निर्णय मोजमापाचा आहे. सहभाग म्हणजे चेंडू किती वेळा हाती आला, एवढेच मोजले तर उत्तर आधीच ठरून जाते: चेंडू द्या, आकडा वाढेल. म्हणून तक्त्यात मी चार गोष्टी ठेवल्या आहेत. तो किती डावांत मैदानावर होता, कोणत्या जागी उभा होता, स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्यापूर्वी, हालचाल करत होता का, आणि तो तिथे असल्यामुळे बचावातील कोणी आपली जागा बदलली का. शेवटचा रकाना भरणे सर्वांत कष्टाचे आहे, कारण चित्रफितीत नजर चेंडूमागे जाते आणि सेफ्टी, म्हणजे बचावातला सर्वांत मागचा खेळाडू, कुठे सरकला हे पाहण्यासाठी प्रत्येक डाव मागे-पुढे करून पुन्हा बघावा लागतो.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

गेल्या हंगामाच्या चित्रफिती संपवल्या आणि चित्र अपेक्षेपेक्षा स्पष्ट निघाले. झेड बाकावरून धावत आत आला की डाव त्याचाच असे. बहुतेक वेळा तो जेट स्वीप असे, म्हणजे रिसीव्हरने बाजूच्या टोकाकडून स्क्रिमेज रेषेला, म्हणजे दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेला, समांतर पूर्ण वेगाने धावत यावे, स्नॅप होताच आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने चेंडू त्याच्या हाती द्यावा आणि त्याने तसेच पुढे दुसऱ्या टोकाला वळसा घालावा. नाहीतर बबल स्क्रीन, म्हणजे रेषेच्या मागेच झेललेला आडवा पास. डाव संपला की तो परत बाकावर.

प्रतिस्पर्ध्यांच्या प्रशिक्षकांना हे कळायला वेळ लागला नाही. हंगामाच्या उत्तरार्धातील दोन सामन्यांच्या चित्रफितींत तर तो आत येताच समोरच्या बाकाकडून ओरडलेला त्याचा क्रमांक ऐकू येतो. त्यानंतर टोकाचा बचावपटू रुंद उभा राहतो, लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागचा खेळाडू, एक पाऊल बाहेर सरकतो आणि डाव सुरू होण्यापूर्वीच निम्मा मेलेला असतो. अष्टपैलू म्हणून संघात घेतलेल्या क्रिकेटपटूला सातव्या क्रमांकावर पाठवून दोन षटके टाकायला लावावीत, आणि मग त्याने सामना फिरवला नाही म्हणून हळहळावे, तसा हा प्रकार आहे.

प्रशिक्षकांना तक्ता दाखवला. ते जन्माने मिनेसोटाचे आणि तिथल्या व्यावसायिक व्हायकिंग्ज संघाचे जुने चाहते असल्याने त्यांच्या तोंडून लगेच एक नाव निघाले: कॉर्डरेल पॅटरसन. पुढच्या आठवड्यात त्याचीच दोन वर्षे बारकाईने पाहायची असे ठरले.

२० ऑगस्ट, मंगळवार

पॅटरसनचे २०१३ हे वर्ष. टेनेसी विद्यापीठात एकच हंगाम खेळलेला, त्याआधी कॅन्ससमधील हचिन्सन कम्युनिटी कॉलेजमध्ये असलेला हा रिसीव्हर मिळवण्यासाठी व्हायकिंग्जने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील आपल्या चार निवडी न्यू इंग्लंड संघाला दिल्या आणि पहिल्या फेरीत २९व्या क्रमांकावर त्याला घेतले. त्याच वसंतात पर्सी हार्विन सिअ‍ॅटलला गेला होता. हार्विनही असाच बहुगुणी, २००९च्या पहिल्या फेरीतील २२वी निवड. २०११ साली त्याने व्हायकिंग्जसाठी ८७ झेलांत ९६७ यार्ड आणि शिवाय ५२ धावांत (चेंडू घेऊन धावण्याच्या डावांत) ३४५ यार्ड काढले होते. त्याची रिकामी जागा पॅटरसनने भरावी अशी लोकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, परत आणण्यात त्याने ही अपेक्षा पहिल्या महिन्यातच पूर्ण केली. दुसऱ्याच सामन्यात शिकागोविरुद्ध सुरुवातीची किक त्याने १०५ यार्ड परत नेली, आणि २७ ऑक्टोबरला ग्रीन बेविरुद्ध १०९ यार्ड, ज्याच्या पुढे जाणे मैदानाच्या लांबीमुळेच शक्य नाही. आक्रमणात मात्र त्याला सुरुवातीचे अनेक आठवडे फार थोडे स्नॅप मिळाले. ग्रेग जेनिंग्ज आणि जेरोम सिम्पसन हे अनुभवी रिसीव्हर त्याच्या पुढे होते, आणि पॅटरसनचे रूट, म्हणजे पाससाठी धावायचे ठरलेले मार्ग, अजून कच्चे होते. चाहते त्याला खेळवा म्हणून ओरडत होते आणि प्रशिक्षक लेस्ली फ्रेझर व आक्रमण-समन्वयक बिल मसग्रेव्ह त्याला हळूहळू आत आणत होते.

डिसेंबरात त्याची वेळ आली. बाल्टिमोरच्या बर्फात ७९ यार्डांचा टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे), शिकागोविरुद्ध ३३ यार्डांची धाव आणि व्हायकिंग्जच्या मेट्रोडोम मैदानातील अखेरच्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध ५० यार्डांची धाव. हंगामअखेर त्याच्या नावावर ४५ झेलांत ४६९ यार्ड आणि चार टचडाउन होते. धावा अवघ्या १२, पण त्यांत १५८ यार्ड आणि तीन टचडाउन. दर धावेला १३ यार्डांहून अधिक आणि दर झेलाला साडेदहाच्या आत, हे प्रमाण मी लाल शाईने अधोरेखित केले आहे. हा रिसीव्हर झेलापेक्षा हातात दिलेल्या चेंडूवर अधिक कमावत होता. ही त्याची ताकद म्हणावी तर खरीच. पण रिसीव्हर म्हणून तो अजून घडलेला नव्हता, हेही याच आकड्यात लिहिलेले आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पुढचे वर्ष, २०१४. प्रशिक्षक बदलले होते. माइक झिमर आले आणि आक्रमण नॉर्व टर्नर यांच्याकडे गेले. पहिल्याच सामन्यात सेंट लुइसविरुद्ध पॅटरसनने तीन धावांत १०२ यार्ड काढले, त्यांत ६७ यार्डांचा एक टचडाउन. व्हायकिंग्ज ३४-६ असे जिंकले आणि प्रत्येकाला वाटले की आता कोडे सुटले. संपूर्ण हंगामात त्याच्या धावा झाल्या दहा आणि यार्ड ११७. म्हणजे पहिला सामना वगळला तर उरलेल्या साऱ्या हंगामात सात धावा आणि पंधरा यार्ड.

हा आकडा आमच्या प्रकल्पाच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या रविवारी जे अनपेक्षित होते ते दुसऱ्या रविवारपर्यंत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफितीत होते. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून एड्रियन पीटरसन संघाबाहेर गेला, त्यामुळे बचावाला आत खेचून ठेवणारी धाक असलेली सरळ धाव उरली नाही. आडव्या धावेची किंमत सरळ धावेच्या धाकावर ठरते, हे फुटबॉलमधले जुने व्यवहारज्ञान आहे. आणि टर्नर यांचे आक्रमण लांब, वेळेवर बेतलेल्या रूटचे. त्यात रिसीव्हर ठरलेल्या पावलावर, ठरलेल्या खोलीवर वळला नाही तर क्वार्टरबॅकचा पास रिकाम्या जागेत जातो. हंगामाच्या उत्तरार्धात त्याची जागा चार्ल्स जॉन्सनने घेतली, जो क्लीव्हलँडच्या सराव-संघातून आला होता. २०१५च्या संपूर्ण हंगामात पॅटरसनचे झेल होते दोन.

प्रशिक्षकांचे म्हणणे असे की पॅटरसनला वाया घालवले. मला ते अर्धेच पटते. त्याला चेंडू देण्याच्या युक्त्या कमी पडल्या असे नाही. त्याला साध्या डावांत, चेंडू न येणाऱ्या डावांत, मैदानावर ठेवण्याइतका विश्वास बसला नाही, आणि तो नसल्यामुळे युक्त्या उघड्या पडल्या. त्याच्या पुढील कारकिर्दीतही हेच दिसते. २०१८ साली न्यू इंग्लंडचे रनिंग बॅक दुखापतींनी कमी पडले तेव्हा त्याला सरळ बॅकच्या जागी उभे केले गेले आणि ४२ धावांत त्याने २२८ यार्ड काढले. २०२१ साली अटलांटात, वयाच्या तिशीत, १५३ धावांत ६१८ यार्ड आणि ५२ झेलांत ५४८ यार्ड. त्या वर्षी तो मुळात बॅक होता, बॅकचे रोजचे साधे काम करत होता, आणि त्या कामातून झेलासाठी बाहेर सरकत होता. घर ठरल्यावर फिरणे सोपे झाले.

२७ ऑगस्ट, मंगळवार

आज सॅन फ्रान्सिस्कोचा रिसीव्हर डीबो सॅम्युएल. त्या संघाचे २०२१चे वर्ष सगळे जण एका वाक्यात सांगतात: रिसीव्हरला रनिंग बॅक केले आणि नशीब फिरले. सामन्यागणिक आकडे मांडल्यावर हे वाक्य पुरेसे नाही असे दिसते.

पहिल्या आठ सामन्यांत डीबोने धावा केल्या फक्त सहा. मात्र त्याच आठ सामन्यांत त्याचे झेलाचे यार्ड होते ८८२. म्हणजे चेंडू हातात देण्याचा प्रयोग सुरू होण्यापूर्वीच तो लीगमधील आघाडीचा रिसीव्हर होता. स्लँट (तिरपे आत), डिग (पुढे जाऊन काटकोनात आत) आणि खोल क्रॉसिंग (मैदान आडवे ओलांडणारा) रूट यांवर तो नेहमीच्या कामाने बचाव फोडत होता. तरी संघ ३-५, म्हणजे तीन विजय आणि पाच पराभव, असा मागे होता. मग १५ नोव्हेंबरच्या सोमवारी रॅम्सविरुद्ध प्रशिक्षक काइल शॅनहन यांनी त्याला बॅकफील्डमध्ये, म्हणजे रेषेमागे बॅकच्या जागी, उभे केले, पाच धावा दिल्या आणि सामना ३१-१० असा जिंकला. पुढच्या रविवारी जॅक्सनव्हिलविरुद्ध आठ धावा, ७९ यार्ड. त्यानंतर आमच्या प्रशिक्षकांच्या दुखऱ्या आठवणीतला सामना, व्हायकिंग्जविरुद्ध सहा धावांत ६६ यार्ड आणि दोन टचडाउन. खेळलेल्या शेवटच्या आठ सामन्यांत त्याच्या ५३ धावा झाल्या. वर्षअखेर ७७ झेलांत १,४०५ यार्ड, ५९ धावांत ३६५ यार्ड आणि धावेचे आठ टचडाउन, जो रिसीव्हरसाठी एका हंगामाचा विक्रम होता. ३-५ वरून संघ १०-७ वर आला.

हे चालले याची कारणे मला दोन दिसतात. पहिले, त्याच्याबरोबर मैदानावर असणारी माणसे. फुलबॅक काइल युझचेक आणि टाइट एंड जॉर्ज किटल हे दोघेही अडवू शकतात आणि झेलूही शकतात, त्यामुळे तेच अकरा जण एका डावात रुंद पसरतात आणि पुढच्या डावात घट्ट जमून धावतात. डीबो बॅकच्या जागी गेला म्हणून बचावाला माणसे बदलण्याची सूचना मिळत नाही, कारण आक्रमणाने माणसे बदललेलीच नसतात. दुसरे, त्याला दिलेली धाव ही त्याच्यासाठी वेगळी रचलेली नव्हती. संघ वर्षानुवर्षे जी बाहेरच्या झोनची धाव (रेषा एकत्र बाजूला सरकते आणि बॅक कडेकडे धावतो) खेळत आला होता तीच, त्याच पावलांनी. रेषेवरच्या पाच जणांना काहीही नवे शिकायचे नव्हते.

याची दुसरी बाजूही तक्त्यात आहे. जॅक्सनव्हिल आणि व्हायकिंग्ज, दोन्ही सामन्यांत डीबोचा झेल प्रत्येकी एकच. बॅक म्हणून उभा असलेला माणूस त्याच क्षणी रुंद उभा नसतो. सहभागाचा एकूण आकडा वाढला तरी एका जागेवरून दुसऱ्या जागी उचललेला भाग त्यात असतो. प्रशिक्षकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की दोन्ही सामने जिंकले ना, मग झाले. ते बरोबर आहेत. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी याची नोंद ठेवणार आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

काल पहिला सामना झाला. झेड मागच्या वर्षीपेक्षा बराच अधिक काळ मैदानावर होता. चेंडू त्याच्याकडे थोडाच गेला. डाव्या बाजूची साधी धाव जुन्या चित्रफितींपेक्षा चांगली चालली. कारण अजून लिहीत नाही, एका सामन्यावरून काही ठरवणे योग्य नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

जेटचा डाव टाकून द्यायचा नाही, त्याला भावंडे द्यायची, असे आक्रमणाच्या बैठकीत ठरले. आज त्याची आखणी पूर्ण झाली. सुरुवात सर्व डावांची एकच: झेड उजवीकडून निघतो, क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये (रेषेपासून काही पावले मागे), रेषेची पहिली दोन पावले सारखी. त्यानंतर चार शक्यता. चेंडू झेडला देणे. झेडला देण्याचा आव आणून आतल्या झोनमध्ये, म्हणजे मधून धावण्यासाठी, बॅकला देणे. दोघांनाही न देता, झेड ज्या बाजूने आला त्या रिकाम्या बाजूला टाइट एंडला छोटा पास. आणि झेडने वळसा पूर्ण करून मैदानाच्या कडेने वर धावत जाणे, ज्याला व्हील म्हणतात.

शाळेच्या खेळाचे नियम इथे महत्त्वाचे ठरतात. स्नॅपच्या क्षणी एकच खेळाडू हालचाल करू शकतो आणि ती पुढच्या दिशेने असून चालत नाही. शिवाय जो रेषेवर उभा आहे त्याने तिथून निघून थेट जेट मारायचा म्हटला तर मागे किती अंतरावर असावे याची वेगळी अट लागू होते. म्हणून हे काम मुळातच रेषेच्या मागे उभ्या असणाऱ्या झेडचे, रेषेवरच्या दुसऱ्या रिसीव्हरचे, म्हणजे एक्सचे, नाही. एवढे साधे कारण काही मुलांना ठाऊक नव्हते आणि एक्सच्या जागेवरचा मुलगा आपल्याला हा डाव का मिळत नाही म्हणून थोडा खट्टू होता.

चेंडू हातात द्यायचा की समोरून हलकेच उडवायचा यावरही बराच वेळ चर्चा झाली. उडवलेला चेंडू नियमाने पुढचा पास ठरतो, त्यामुळे झेडच्या हातून निसटला तर तो अपूर्ण पास; फंबल, म्हणजे कोणीही उचलू शकेल असा सुटलेला चेंडू, नाही. ओल्या मैदानावर आणि घाईत शिकणाऱ्या मुलांसाठी हा मोठा विमा आहे. आकडेवारीच्या दृष्टीने मात्र एक गोंधळ होतो: असा डाव कागदावर झेल म्हणून चढतो, जरी तो स्वभावाने धाव असला तरी. व्यावसायिक रिसीव्हरांच्या झेलांच्या संख्येतही असे डाव मिसळलेले असतात, हे आकडे वाचताना विसरू नये. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

या नोंदीला मी सर्वाधिक महत्त्व देतो, जरी पाहणाऱ्याला यात काहीही रोमांचक दिसणार नाही. रिसीव्हरांच्या प्रशिक्षकांनी सरावातला झेडचा बराचसा वेळ युक्त्यांकडून काढून तीन रूटकडे वळवला आहे: स्लँट, डिग आणि सरळ वर जाणारा गो. झेड वेगवान असल्याने आजवर त्याला कोणी नीट वळायला शिकवलेच नव्हते. डिगमध्ये बारा यार्ड वेगाने जाऊन काटकोनात आत वळायचे असते. तो वळण्यापूर्वी सरळ उभा होतो, छाती वर येते, पावले लहान पडतात आणि समोरच्या कॉर्नरला, म्हणजे त्याला राखणाऱ्या बचावपटूला, तिथेच कळते की वळण आले. गेले अनेक दिवस फक्त कंबर खाली ठेवून शेवटची तीन पावले टाकणे चालू आहे. चेंडूही नसतो.

मुलगा कंटाळतो. काल त्याने विचारले की आपल्याला चेंडू अधिक मिळावा म्हणून हे सगळे चालले आहे तर सरावात चेंडू कमी का झाला. प्रश्न रास्त होता. प्रशिक्षकांनी त्याला बसवून गेल्या वर्षीची चित्रफीत दाखवली आणि समोरच्या बाकाकडून ओरडलेला त्याचाच क्रमांक ऐकवला. नंतर म्हणाले, तू स्लँट नीट धावलास की कॉर्नर आत झुकेल, आणि तो आत झुकला की तुझा जेट मोकळा होईल. मुलगा काही बोलला नाही, पण आज कंबर खाली होती.

क्वार्टरबॅकशी मेळ हा याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. पास वळणाआधी सुटायला हवा. त्यासाठी क्वार्टरबॅकला रिसीव्हर कुठे असेल याचा भरवसा लागतो, आणि भरवसा हा एकाच रूटची कंटाळवाणी पुनरावृत्ती केल्याशिवाय येत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज भार मोजला. शाळेच्या फुटबॉलमध्ये अनेक मुले दोन्ही बाजूंनी खेळतात, आणि झेड बचावात सेफ्टी म्हणूनही उभा राहतो. त्यात पंट, किकऑफ, जेट आणि आता अधिक स्नॅप. मैदानावरील प्रत्येक टक्कर मी मोजू शकत नाही, पण चौथ्या सत्रात त्याची पावले जड पडतात हे चित्रफितीत स्पष्ट दिसते.

डीबोचे उदाहरण इथेही उपयोगी पडते. व्हायकिंग्जविरुद्धच्या त्याच सामन्यात त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला आणि पुढच्या सामन्याला त्याला मुकावे लागले. २०२२च्या वसंतात त्याने संघ सोडण्याची मागणी केली, आणि बॅकसारखे वापरले जाणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे तेव्हा वृत्तांतून आले. जुलैअखेर नवा तीन वर्षांचा करार झाला. त्या ऑक्टोबरात संघाने ख्रिश्चन मॅकॅफ्रीला आणले आणि धावांचे ओझे मूळ बॅककडे गेले. हार्विनची कारकीर्दही दुखापती आणि अर्धशिशीच्या त्रासाने ग्रासलेली होती. बहुगुणी खेळाडूला प्रत्येक गुणासाठी वेगळा मार बसतो.

माझी शिफारस: किकऑफ परत आणण्याचे काम दुसऱ्या मुलाला द्यावे आणि पंट झेडकडेच ठेवावा. कारण हिशेबाचे आहे. शाळेच्या नियमांत किक गोलरेषा ओलांडताच चेंडू मृत होतो आणि खेळ वीस यार्डांवरून सुरू होतो. पॅटरसनने परत आणली तशी किक इथे कोणी परत आणूच शकत नाही. पूर्ण वेगाने धावत येणाऱ्या अकरा जणांसमोर मिळणारा लाभ छोटा आणि टक्कर मोठी. प्रशिक्षकांनी एक आठवडा विचार करायला मागितला आहे. झेडच्या वडिलांना हे आवडणार नाही, कारण परतीच्या धावा दुरूनही दिसतात आणि डिगमधली कंबर कोणाला दिसत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

किकऑफ दुसऱ्याकडे गेले. काल पाऊस होता. उडवलेल्या चेंडूचा विमा एकदा उपयोगी पडला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

कालचा सामना या प्रकल्पातला सर्वांत शिकवणारा आणि घरच्या बाजूच्या प्रेक्षकांना सर्वांत न पटलेला. झेड आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक डावात मैदानावर होता आणि पहिल्या अर्ध्यात त्याच्याकडे चेंडू एकदाच गेला. मध्यंतरात कुंपणाकडून त्याचे नाव घेऊन आरडाओरडा चालला होता.

आज सकाळी प्रत्येक डाव पुन्हा पाहिला. झेड जेटसाठी निघाला की त्यांचा सेफ्टी जवळपास दर वेळी त्याच्याबरोबर धावत जात होता आणि आतला लाइनबॅकर एक पाऊल बाहेर पडत होता. नेमक्या त्याच दाराने आमचा बॅक आतल्या झोनमधून पाच-सहा यार्ड काढत राहिला. तिसऱ्या सत्रात टाइट एंडला रिकाम्या बाजूचा छोटा पास मिळाला आणि तो कोणीही हात न लावता टचडाउनपर्यंत गेला. त्यानंतर सेफ्टीने पाठलाग सोडला, आणि पुढच्याच जेटवर झेडला संपूर्ण कडा मोकळी मिळाली. गेल्या वर्षी त्याच डावात त्याला रेषेमागे पाडले जात असे.

ऑगस्टमध्ये केलेल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आज सर्वाधिक खुणा आहेत. झेलांच्या रकान्यात मोजक्या. हा तक्ता मी पालकांना दाखवावा असे प्रशिक्षकांनी सुचवले, पण मी नकार दिला; आकड्यांनी गर्दीशी वाद घालू नये असे माझे मत आहे, आणि हे काम प्रशिक्षकांचे आहे.

प्रशिक्षकांशी एका मुद्द्यावर मतभेद राहिला. दर सामन्यात झेडला किमान आठ वेळा चेंडू द्यायचा असा लेखी आकडा त्यांना हवा आहे. त्यांचा युक्तिवाद असा की आकडा नसेल तर गडबडीत समन्वयक त्याला विसरतात, आणि हे खरे आहे. पॅटरसनच्या दुसऱ्या वर्षात बहुधा तेही घडले. माझे म्हणणे असे की आकडा असेल तर चौथ्या सत्रात तो भरण्यासाठी चुकीच्या वेळी जेट मारला जातो. तडजोड अशी झाली की कॉल शीटवर, म्हणजे सामन्यात खेळायच्या डावांच्या यादीवर, पहिल्या पंधरा डावांत झेडसाठी तीन डाव आधीच लिहिलेले असतील, एक जेट, एक स्लँट आणि एक बॅकच्या जागेवरून. पुढचे बचावाच्या प्रतिसादावर.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नियमित हंगाम काल संपला आणि पुढच्या आठवड्यात विभागीय बाद फेरी आहे, म्हणून आज कॉल शीटची नवी प्रत केली. जेटचे चार डाव एकाच रंगात, जेणेकरून समन्वयकांना एक चालला नाही तर भावंड शोधायला नजर फिरवावी लागणार नाही. स्लँट आणि डिग तिसऱ्या डाउनच्या (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतील तिसऱ्या) चौकटीत वर चढवले, कारण गेल्या तीन आठवड्यांत क्वार्टरबॅक तिथे झेडकडे न बिचकता बघू लागला आहे. गो खाली ठेवला आहे. त्यात झेड अजून कडेला फार चिकटून धावतो आणि पासला पडायला जागा उरत नाही.

बॅकच्या जागेवरून मात्र त्याला अजून फक्त धावेसाठीच उभे करता येते. तिथे उभे राहून ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धाडलेले जादा बचावपटू, ओळखणे आणि क्वार्टरबॅकवर येणाऱ्या लाइनबॅकरला अडवणे हे त्याला येत नाही, आणि जोवर येत नाही तोवर तो बॅकफील्डमध्ये दिसला की धाव, हे समोरच्यांना पुन्हा कळणारच. कालच्या सामन्यात त्यांच्या लाइनबॅकरने ते ओळखलेही. हंगामाच्या मध्यात हे शिकवण्याइतका वेळ नाही. हिवाळ्यात, व्यायामशाळेत, बॅकच्या प्रशिक्षकांबरोबर आठवड्यातून एक सत्र असावे असा प्रस्ताव लिहून दिला आहे, आणि त्याच्याबरोबर एक्सच्या जागेवरच्या मुलालाही घ्यावे असे सुचवले आहे, कारण पुढच्या वर्षी झेड बॅकच्या जागी जाईल तेव्हा त्याची मूळ जागा कोणीतरी सांभाळावी लागेल.

बाद फेरीतील प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती उद्या दुपारपर्यंत येतील. त्यांचा सेफ्टी हालचालीमागे धावतो की जागेवर राहतो, हे आधी पाहायचे आहे.